मज्जारज्जू मोकळा, मान पुढे: एका लॅमिनोप्लास्टीचं प्रकरण

मानेतल्या मज्जारज्जूवरचा दाब मागून काढताना सर्जन दाब देणाऱ्या गोष्टीला हातही लावत नाही. गादीचा फुगवटा, हाडाची वाढलेली धार हे सगळं पुढच्या बाजूला असतं आणि तिथेच राहतं. मागची हाडाची कमान उघडली की मज्जारज्जूला मागे सरकायला जागा होते. तो सरकेल, यावर सगळा डाव लावलेला असतो. सरकायला लावतो तो मानेचा बाक. बाक पुढच्या बाजूला फुगीर असेल तर ताणलेल्या दोरीसारखा मज्जारज्जू मागची आखूड वाट धरतो. बाक सपाट किंवा उलटा झाला की तीच दोरी पुढच्या धारेवर आवळून बसते, मग मागे कितीही जागा असो.

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. अशा रुग्णांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचलं आहे. मोजमापं मात्र अशा रुग्णांत येतात तशीच घेतली आहेत.

सुरुवात: हात बधिर, सही जुळेना

रुग्ण ६१ वर्षांचे, हिशेबाचं बैठं काम. दोन्ही हातांची बोटं १४ महिन्यांपासून बधिर. सुरुवातीला मनगटातली नस दबल्याचं निदान झालं, कारण नसांच्या तपासणीत मनगटापाशी वेग थोडा कमी आला होता. तीन महिने रात्री मनगटाला पट्टी बांधूनही फरक पडला नाही. या वयात नसांच्या तपासणीत असा किरकोळ दोष बऱ्याच लोकांत सापडतो, आणि मानेचा दोष त्याच्या आड सहज लपतो. बधिरपणा दोन्ही हातांत आहे, बोटं मंदावली आहेत आणि चालही बदलली आहे, असं दिसलं की मनगटावर थांबू नये.

चाल बदललीच होती. जिना उतरताना कठडा लागत होता. पायातली चप्पल कधी निसटली ते दहा पावलं पुढे गेल्यावर कळायचं. शर्टाची बटणं लावायला पाच-सहा मिनिटं लागत होती. बँकेत सही जुळत नव्हती. अक्षर बिघडणं ही तक्रार रुग्ण सहसा आपणहून सांगत नाहीत, विचारावी लागते.

तपासणीत मधल्या बोटाचं नख दाबून झटक्याने सोडलं की अंगठा आत वळत होता, दोन्ही हातांत. मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूला हातोडी मारली तर कोपर वाकण्याऐवजी बोटंच मिटत होती. ही खूण सी-५–सी-६ या पातळीकडे, म्हणजे मानेच्या सात मणक्यांपैकी (सी-१ ते सी-७) पाचव्या-सहाव्याकडे, बोट दाखवते. गुडघ्याचे झटके वाढलेले. एका रेषेत टाच-चवडा लावून चालता येत नव्हतं. १० सेकंदांत मूठ उघडमीट उजव्या हाताने ११ वेळा झाली. निरोगी माणूस २० किंवा जास्त वेळा करतो. १० मीटर चालायला १६ सेकंद.

एमजेओए गुणांकन (मज्जारज्जूचं काम मोजणारं माप, १८ म्हणजे निरोगी) १८ पैकी १२: हात ३, पाय ४, संवेदना २, लघवीवर ताबा ३. या मापात १५ ते १७ सौम्य, १२ ते १४ मध्यम आणि ११ किंवा खाली तीव्र. मध्यम आणि तीव्र आजारात शस्त्रक्रिया करावी, असं एओ स्पाइन या कण्याच्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. त्यामुळे शस्त्रक्रिया करायची की नाही हा प्रश्नच नव्हता. पुढून करायची की मागून, एवढंच ठरवायचं होतं.

चित्रांत काय दिसलं आणि काय पाहिलं गेलं नाही

एमआरआयमध्ये सी-३ ते सी-७ या चारही जागी मज्जारज्जूची हाडी नळी अरुंद होती, सगळ्यात जास्त सी-४–सी-५ आणि सी-५–सी-६ ला. टी-१ आणि टी-२ हे एमआरआयच्या चित्रांचे दोन प्रकार. टी-२ चित्रांत सी-५ च्या मागे मज्जारज्जूत पांढरी छटा होती. टी-१ चित्रांत तिथे काळेपणा नव्हता, ही त्यातल्या त्यात बरी बाब, कारण दोन्ही चित्रांतला बदल असेल तर सुधारणा कमी अपेक्षावी.

पातळ्या चार, बाक टिकून आहे, मग मागून लॅमिनोप्लास्टी, म्हणजे मागची कमान काढून न टाकता उघडून ठेवणं. निर्णय असा झाला आणि वरवर तो पुस्तकाप्रमाणेच होता. पण "बाक टिकून आहे" हे विधान एमआरआयवरून आलं होतं. एमआरआय झोपून काढतात. झोपल्यावर डोक्याचं साडेचार-पाच किलो वजन मानेवरून उतरतं, आणि डोक्याखालची उशी किती उंच ठेवली त्यावर बाक ठरतो. झोपलेल्या चित्रात सी-२ ते सी-७ बाक +१३° होता (इथे + म्हणजे नैसर्गिक बाक, − म्हणजे उलटा). उभ्याने काढलेला एक्स-रे फाइलमध्ये होता, पण त्यावर कोणी रेघ ओढली नव्हती. नंतर मोजलं तर असं निघालं:

उभ्याने बाक +५°. सी-२ च्या मध्यातून सोडलेला ओळंबा सी-७ च्या मागच्या-वरच्या कोपऱ्यापासून ३३ मिमी पुढे. छातीच्या पहिल्या मणक्याच्या (यालाही टी-१ म्हणतात, एमआरआयच्या टी-१ शी संबंध नाही) वरच्या पृष्ठाचा उतार, म्हणजे टी-१ स्लोप, २४°. उतार आणि बाक यांतली तफावत १९°.

ओळंब्याचं अंतर साधारण ४० मिमीच्या पुढे गेलं की मानेच्या तक्रारींचं गुणांकन बिघडतं असं दिसून आलं आहे, आणि तफावत १५ ते २०° च्या आत असावी असं मानतात. म्हणजे हे रुग्ण शस्त्रक्रियेआधीच कडेवर उभे होते. खरी सूचना मात्र पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेत होती. मान मागे नेल्यावर बाक +९° पर्यंतच जात होता, पुढे वाकवल्यावर −२१° पर्यंत. तटस्थ स्थितीपासून मागे जायला ४°, पुढे जायला २६°. ज्या मानेला मागे जायची शिल्लकच नाही, तिचे मागचे स्नायू शस्त्रक्रियेत दुखावले की ती पुढेच पडणार.

आणखी एक रेघ ओढायला हवी होती. एमआरआयच्या मधल्या उभ्या छेदात सी-२ आणि सी-७ पातळीला मज्जारज्जूचे मध्यबिंदू जोडायचे, आणि पुढून आत घुसलेल्या भागापासून ही रेघ सगळ्यात जवळ कुठे येते ते मोजायचं. अंतर ४ मिमीपेक्षा कमी असेल तर मागून उघडूनही पुढचा दाब उरण्याची शक्यता मोठी. इथे ते सी-५–सी-६ ला सुमारे ४ मिमी होतं, तेही झोपलेल्या चित्रात. उभ्याने ते कमीच भरलं असतं.

एक्स-रे कसा काढला जातो याकडे थोडं थांबून बघायला हवं, कारण पुढची सगळी मोजमापं त्यावर उभी आहेत. रुग्ण उभा, नजर समोर क्षितिजावर, दोन्ही हातांची बोटं गळपट्टीच्या हाडांवर टेकलेली. "हनुवटी वर करा" असं सांगू नये. जबड्याची सावली मणक्यावर येऊ नये म्हणून तंत्रज्ञ सवयीने तसं सांगतात, आणि फुकटचे पाच-सात अंश बाकात मिळतात. खांद्यांमुळे सी-७ झाकला गेला असेल तर तो एक्स-रे मोजायला निरुपयोगी, पुन्हा काढावा. अंश कुठल्याही फिल्मवर सारखेच येतात, पण मिलिमीटरचं तसं नाही. फिल्म किती मोठी झाली आहे हे ठरवणारी खूण नसेल तर ३३ चे ३८ सहज होतात. दोन भेटींची तुलना करायची तर एकाच यंत्रावर, एकाच अंतरावरून.

पहिली शस्त्रक्रिया

सी-३ ते सी-६ उघड्या दाराची लॅमिनोप्लास्टी. पालथं झोपवून डोकं तीन खिळ्यांच्या चौकटीत धरलं, हातापायांचे विद्युत संदेश सतत तपासले, सरासरी रक्तदाब पाऱ्याच्या ८५ मिमीच्या वर ठेवला. डाव्या बाजूला कमानीची दोन्ही कवचं कापली, उजव्या बाजूला फक्त वरचं कवच घासून बिजागर केलं, आणि कमान दारासारखी उघडून धातूच्या छोट्या पट्ट्यांनी रोखली. बिजागर घासताना हात जड पडला तर आतलं कवचही तुटतं आणि दार नळीतच कोसळू शकतं. इथे तसं काही झालं नाही. उघडणं तांत्रिकदृष्ट्या चोख होतं, नंतरच्या सीटी स्कॅनमध्ये नळी सगळ्या पातळ्यांवर रुंद दिसली.

उणीव एका ठिकाणी राहिली. सी-३ ची कमान नीट दिसावी म्हणून सी-२ च्या मागच्या काट्यावरचे स्नायू सोडवले गेले. सेमिस्पायनॅलिस सर्व्हायसिस हा मान मागे धरणारा मुख्य खोल स्नायू, आणि त्याची सगळ्यात जाड पकड सी-२ वर असते. एकदा सुटला की टाके घालूनही तो जुन्या ताकदीने बसत नाही. सी-३ ला पूर्ण दार न उघडता कमानीची खालची कड आतून घुमटासारखी कोरली, किंवा ती एकच कमान काढून टाकली, तर सी-२ ला हात लावावा लागत नाही. ज्या मानेला मागे जायची शिल्लक ४° आहे तिथे ही काळजी ऐच्छिक नाही.

पहिल्या आठवड्यात रोज खांदा उचलून पाहिला गेला. मज्जारज्जू मागे सरकल्यावर सी-५ ची मुळं ताणली जाऊन दंड बाजूला उचलणारा स्नायू अचानक लुळा पडू शकतो. शेकडा पाचाच्या आसपास रुग्णांत हे होतं, बहुधा काही तासांनी किंवा दिवसांनी, म्हणून "काल ठीक होतं" याला अर्थ नसतो. बहुतेकांचा हात पुढच्या काही महिन्यांत भरून येतो. या रुग्णाला हा त्रास झाला नाही.

तीन महिने: सगळं छान

पहिल्या दिवशी कुशीवर वळून, मान-धड एका फळीसारखं ठेवून बसवलं. दुसऱ्या दिवशी चालवलं. निचऱ्याची नळी दुसऱ्या दिवशी काढली, चौथ्या दिवशी घरी. तिसऱ्या महिन्यात गुण १५: हात ४, पाय ६, संवेदना २, लघवी ३. मूठ उघडमीट १७, १० मीटरला ११ सेकंद. सुधारणेचा दर काढायची पद्धत सरळ आहे: मिळालेले गुण भागिले गमावलेले गुण. १८ पैकी १२ होते म्हणजे ६ गमावले होते, ३ परत आले, दर ५० टक्के.

त्याच भेटीत मानेच्या त्रासाची प्रश्नावली (टक्के जास्त तेवढा त्रास जास्त) २४ टक्क्यांवरून २८ वर गेली होती. कोणी लक्ष दिलं नाही, कारण शस्त्रक्रियेनंतर मान दुखतेच. शिवाय उभ्याने एक्स-रे त्या दिवशी काढलाच नव्हता. सीटी चांगला दिसतो म्हणून. सीटीही झोपूनच काढतात.

दरम्यान घरी काय चाललं होतं? सुटीच्या कागदावर "पुढच्या भेटीपर्यंत गळ्याचा पट्टा लावावा" असं होतं. पुढची भेट तीन आठवड्यांनी ठरली होती, ती हुकली, नवी तारीख लांबली, आणि पट्टा १० आठवडे राहिला. धातूच्या पट्ट्यांनी रोखलेल्या लॅमिनोप्लास्टीला गळ्याचा मऊ पट्टा दोन-तीन आठवडे पुरतो, कित्येक ठिकाणी तोही देत नाहीत. इथे हाड जुळवायचं नसतं, त्यामुळे मान गच्च धरून ठेवण्याचा फायदा नाही. तोटा मात्र लगेच सुरू होतो. मागचे स्नायू आधीच कापून शिवलेले असतात. त्यांना काम मिळालं नाही की ते वाळतात आणि त्यांत चरबी भरते. पट्टा पुढे हनुवटीला आधार देतो, म्हणून डोकं त्यावर टेकवून पुढे ठेवायची सवय जडते. पट्टा काढला तरी सवय जात नाही.

त्यात दोन उशा, पोटाशी धरलेला मोबाइल, आणि चढत्या नंबरचा चष्मा. या चष्म्यात जवळचं खालच्या भागातून दिसतं. पडद्यावर वाचण्यासाठी माणूस हनुवटी वर काढतो, वरची मान मागे मोडते आणि खालची मान पुढे ढकलली जाते. रुग्णाला आपण मान ताठ ठेवतो असंच वाटत असतं.

सहावा महिना

तक्रार अशी: "दुपारनंतर डोकं जड होतं, हाताने धरून ठेवावं लागतं." सकाळी काही नसतं, दिवस चढतो तसं वाढतं, आडवं झालं की दहा मिनिटांत उतरतं. जखमेचं किंवा सांध्याचं दुखणं असं वागत नाही. हा स्नायूंचा थकवा आहे, आणि स्नायू थकतात कारण डोकं त्यांच्या आवाक्याबाहेर गेलेलं असतं.

उभ्याने बाक −८°. ओळंबा ४७ मिमी. टी-१ स्लोप २१°, तफावत २९°. मानेच्या त्रासाची प्रश्नावली ४६ टक्के. एमजेओए १४, पायाचा एक गुण गेला. १० मीटरला १४ सेकंद, मूठ उघडमीट १५.

ओळंबा १४ मिमी पुढे गेला, याचा ढोबळ हिशेब करता येतो. डोकं ५ किलो आणि तेही तेवढंच पुढे गेलं असं धरा. मणक्याच्या मध्यापासून ४ सेंटिमीटर मागे ओढणाऱ्या स्नायूंना तोल सांभाळायला जवळपास पावणेदोन किलोचा जादा जोर लावावा लागेल. ऐकायला फार वाटत नाही. पण तो जागेपणी सतत लावायचा आहे, आणि तोही पकड सुटलेल्या स्नायूंनी.

एमजेओएचा एक गुण कमी होणं एवढ्यावर घाबरून जाऊ नये. मध्यम आजारात २ गुणांचा फरक अर्थपूर्ण धरतात, १ गुण तपासणाऱ्याच्या हातानेही हलतो. पण सेकंद, मुठीचा आकडा आणि बाक, तिन्ही एकाच दिशेने सरकले तर तो योगायोग समजू नये. शिवाय एमजेओए मानेबद्दल काहीच विचारत नाही. फक्त त्याच्यावर चालणारा दवाखाना या रुग्णाला आणखी सहा महिने "ठीक" म्हणत राहिला असता.

पुन्हा एमआरआय. मज्जारज्जूच्या मागे त्याच्याभोवतीचं पाणी दिसत होतं, म्हणजे नळी रुंदच होती. पुढे मात्र सी-४–सी-५ आणि सी-५–सी-६ ला मज्जारज्जू धारेला चिकटलेला होता, झोपलेल्या चित्रातसुद्धा. जागा होती, पण तो तिथे गेला नव्हता.

आधी सहा आठवडे व्यायाम

लगेच दुसरी शस्त्रक्रिया न करण्यामागे कारण होतं. खांद्यांखाली गुंडाळी ठेवून, झोपवून काढलेल्या एक्स-रेत बाक +६° येत होता. मान अजून वळत होती, म्हणजे निदान दुखण्यापुरता व्यायामाला वाव होता. सहा आठवडे, देखरेखीखाली, आणि हात किंवा चाल बिघडली तर त्याच दिवशी थांबायचं, या अटीवर.

पहिले दोन आठवडे: पाठीवर झोपून हनुवटी किंचित गळ्याकडे घेणं, मानेखाली हवेची पिशवी, दाब पाऱ्याच्या २० मिमीपासून २-२ मिमीने ३० पर्यंत, प्रत्येक पायरीवर १० सेकंद. गळ्याच्या पुढचे मोठे स्नायू फुगले तर पायरी चुकली, मागची पायरी पकडायची. जोडीला डोक्याच्या मागे तळहात लावून पाचवा हिस्सा जोराने मागे दाब, मान न हलवता, ५-६ सेकंद, १० वेळा, दिवसातून तीनदा.

पुढचे चार आठवडे: हात-गुडघ्यांवर येऊन, हनुवटी आतच ठेवून फक्त खालची मान वर उचलणं, ८ वेळा, दोन फेऱ्या. इथे बहुतेकांची चूक एकच: डोकं मागे टाकून समोर बघतात. त्याने वरची मान मोडते आणि खालचा स्नायू झोपूनच राहतो. फरशीवर एक नाणं ठेवावं, दोन्ही हातांच्या मध्ये, आणि नजर त्याच्यावर खिळवावी. खांद्याची पाती मागे ओढणं आणि पाठीच्या वरच्या भागाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाच मिनिटं पडणं हेही, कारण टी-१ चा उतार छातीच्या कण्यावर अवलंबून असतो. छाती पोक काढून बसली तर मानेला कितीही व्यायाम दिला तरी हिशेब जुळत नाही.

उशी एक. वाचायला वेगळा, एकाच नंबरचा चष्मा आणि तिरकी पाटी. मोबाइल डोळ्यांसमोर. चालीसाठी भिंतीजवळ एका रेषेत उभं राहणं ३० सेकंद, रात्री संडासापर्यंत दिवा, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा. मज्जारज्जू दबलेल्या माणसाचं साधं पडणंही महागात पडतं.

सहा आठवड्यांनी बाक −७°, ओळंबा ४५ मिमी, प्रश्नावली ४० टक्के, १० मीटरला १४ सेकंदच. दुखणं थोडं उतरलं, सांगाडा हलला नाही, मज्जारज्जूचं काम सुधारलं नाही. यात नवल काही नव्हतं. सुटलेली पकड व्यायामाने परत बसत नाही, आणि पुढच्या धारेला व्यायाम काय करणार? पण हे सहा आठवडे वाया गेले असं म्हणता येत नाही: दुसऱ्या शस्त्रक्रियेत स्नायू तयार होते आणि रुग्णाला खालची मान कशी हलवायची ते कळलं होतं.

दुसरी शस्त्रक्रिया आणि पुढचं वर्ष

आठव्या महिन्यात पुढून सी-३ ते सी-६, तीन गाद्या काढून, मागच्या कडेची हाडं घासून, पुढे उंच आणि मागे बुटके असे पाचरीसारखे पिंजरे गाद्यांच्या जागी बसवले, वर धातूची पट्टी. एकेका जागी पाच अंशांच्या आसपास बाक मिळवायचा हा हिशेब. पाचर ठोकून बाक येत नाही. आधी मागच्या कडेचं बंधन आणि धारा पूर्ण सोडवाव्या लागतात, नाहीतर पिंजरा हाडात रुततो आणि दोन महिन्यांत मिळवलेला बाक परत जातो. तीन पातळ्या जुळवायच्या म्हणजे हाड न जुळण्याची भीती एका पातळीपेक्षा जास्त, म्हणून तंबाखू आधीच बंद.

पुढच्या शस्त्रक्रियेची पहिली रात्र वेगळी असते. घशाजवळ रक्त साठलं तर श्वासनळी दबते. आवाज बदलणं, थुंकी गिळता न येणं, आडवं पडलं की गुदमरणं, गळा एका बाजूने फुगणं यांतलं काही दिसलं तर स्कॅनसाठी पाठवत बसू नये. टाके जागेवरच उघडून रक्त मोकळं करायचं, मग श्वासनळीत नळी घालायची तयारी. रुग्णाला ३०° उशाशी उंच ठेवून दर तासाला हे पाहिलं गेलं. गिळायला पहिले दोन आठवडे जड गेलं, मऊ अन्नावर निभावलं. पट्टा या वेळी सहा आठवडे, कारण या वेळी हाड जुळवायचं होतं, आणि काढण्याची तारीख कागदावर लिहिलेली होती.

बारा महिन्यांनी बाक +७°, टी-१ स्लोप २३°, तफावत १६°, ओळंबा ३४ मिमी. पुढे-मागे वाकवलेल्या एक्स-रेत जोडलेल्या मणक्यांच्या काट्यांमधलं अंतर १ मिमीपेक्षा कमी हललं, सीटीत तिन्ही जागी हाड आरपार. प्रश्नावली २२ टक्के. १० मीटरला ११ सेकंद, मूठ उघडमीट १७. एमजेओए १५.

म्हणजे दर पुन्हा ५० टक्केच, तिसऱ्या महिन्यात होता तेवढाच. दुसऱ्या शस्त्रक्रियेने मज्जारज्जूला नवं काही दिलं नाही. मधल्या काळात गेलेलं परत आणलं आणि मानेचा थकवा काढला. सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या सहा महिन्यांत पदरात पडतो, तो काळ इथे निम्मा वाकलेल्या मानेत गेला. पहिल्याच वेळी उभ्या एक्स-रेवर चार रेघा ओढल्या असत्या तर पर्याय होते: पुढून सुरुवात, किंवा मागून उघडून स्क्रू-सळ्यांनी बाक धरून ठेवणं. मागून नुसतं उघडणं त्या यादीत शेवटचं असतं.

बोटांचा बधिरपणा गेलेला नाही, कमी झाला आहे. बटणं दोन मिनिटांत लागतात. सही जुन्या वळणावर आली नाही. बँकेत नवा नमुना देऊन ते प्रकरण मिटवलं. तीन पातळ्या जोडल्या गेल्याने सी-६–सी-७ वर आता जास्त हालचाल येते, आणि तिथे नळी आधीच अरुंद होती. म्हणून वर्षातून एकदा तपासणी: उभ्याने एक्स-रे, नजर समोर, बोटं गळपट्टीवर, १० मीटरचे सेकंद, १० सेकंदांतल्या मुठी. हातात नवा बधिरपणा आला किंवा चप्पल पुन्हा निसटू लागली तर वर्ष संपायची वाट बघायची नाही, हे सुटीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आहे.